दोन टक्क्यांची थरथर

विजेचा मीटर वाजला की निम्म्या लोकांना वाटतं वीज गेली, आणि उरलेले चप्पल घालून लांब उभे राहतात. दोन्ही चूक. मीटर वाजतो तो वीज बिघडल्यामुळे. गेलेली वीज कळते, बिघडलेली कळत नाही. दूध नासलं तर निदान वास तरी येतो. गेली एकोणीस वर्षं मी सोलापुरात हेच समजावत फिरते आहे. माझं नाव राजेश्वरी येमुल. कारखान्यांत वीज तपासणारे मीटर बसवायचे आणि त्यांनी कधी वाजायचं ते ठरवून द्यायचं, हा माझा धंदा. माझी वहिनी त्याला कुत्र्याला भुंकायला शिकवण्याचं काम म्हणते.

वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची, अंबादासअण्णाची बायको, पुष्पलता. मी चौदा वर्षांची असताना ती आमच्या घरात आली, त्यामुळे आमचं अगंतुगं. विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलाकडे, तिची शिवणकामाची सोसायटी आहे. चोवीस मशीन, चोवीस बायका, आणि वर्षभर शाळांचे गणवेश. नऊ नंबरचं मशीन तिचं स्वतःचं. सगळ्यांत अवघड कॉलर तिथं शिवल्या जातात.

त्या वर्षी सोसायटीतल्या दोन मशीनची कंट्रोल कार्डं महिन्याभरात जळाली. कारण उघड होतं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा चार्ज करायचं स्टेशन आलेलं, आणि छपराछपरावर सोलर आणि बॅटऱ्या. सगळे एकाच तारेतून घेणार आणि एकाच तारेत ढकलणार. असल्या गल्लीत वीज न इस्त्री केलेल्या कपड्यासारखी येते. वहिनीने फोन करून सांगितलं की तुझा तो भुंकणारा मीटर आता घेऊनच ये.

मी त्या वर्षी निघालेला नवा मीटर नेला. तो विजेची लहर सेकंदाला दोन लाख वेळा तपासतो. त्याच्यामागचं शास्त्र तसं जुनंच आहे. मोटर नुसती वीज खात नाही, ती बोलतेही. तिच्या दांड्यावर जे घडतं ते उलट येऊन प्रवाहात उमटतं. बेअरिंग झिजलं, पट्टा सैल झाला, सुई बोथट झाली, की मोटर तेवढी अडखळते आणि लहरीवर तेवढी सुरकुती पडते. एकाच साच्यातल्या दोन मोटरींच्या सुरकुत्यासुद्धा सारख्या नसतात. नव्या मीटरची करामत एवढीच की त्याला त्या इतक्या बारीक दिसतात की दारापाशी एकच मीटर बसवला तरी आतल्या चोवीस मोटरी तो वेगवेगळ्या ओळखतो. फक्त एकदा त्याला प्रत्येकीची ओळख करून द्यावी लागते, बाकीची मशीन बंद ठेवून, एकेक चालवून.

चालू कारखान्यात असं एकेक मशीन चालवायला कोण देणार? पण वहिनीने दसऱ्याचाच मुहूर्त धरला होता, आणि तो माझ्या पथ्यावर पडला. खंडेनवमीला मशीन पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून विश्रांतीला ठेवतात. दसऱ्याला मुहूर्ताची शिलाई असते. नंबराप्रमाणे एकेकीने बसायचं, नव्या कापडावर वीतभर टीप घालायची आणि उठायचं. तेवढा वेळ बाकी सगळ्या हात जोडून उभ्या. मी मीटरखाली लॅपटॉप घेऊन बसले. टीप पडली की पडद्यावर लहर उमटायची आणि मीटर विचारायचा, हिला काय नाव देऊ?

आमच्या धंद्यात तिथं नंबर लिहायचा असतो. मशीन एक, मशीन दोन. पण माझ्या खांद्यावरून बघणाऱ्या पहिलीनेच माझं नाव घाल की म्हणून सांगितलं, मग दुसरी कशी मागं राहील? सणाचा दिवस, तोंडात बुंदी. मी नावं घातली. नववी लहर आली तेव्हा लिहिलं, पुष्पलता.

अण्णा दाराशी आपट्याची पानं वाटत होता. सत्तावीस वर्षं त्याने टॉवेलच्या कारखान्यात माग चालवले. कारखाना माणसांवाचून चालायला लागला तेव्हा तो घरी बसला, आणि आता वहिनीचा डबा पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यालाही मुहूर्ताची टीप घालायची होती. वहिनी म्हणाली, बायकांची सोसायटी आहे, तुम्ही पानं वाटा. सगळ्या हसल्या, तोही हसला.

मग मी अलार्म लावले. प्रत्येक अलार्मला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. किती झालं की वाजायचं, तेवढं किती वेळ टिकलं की वाजायचं, आणि किती खाली आलं की गप्प बसायचं. पहिली गोष्ट फार कमी ठेवली तर मीटर दिवसभर कोकलतो आणि लोक त्यावर टॉवेल टाकतात. फार जास्त ठेवली तर कार्ड जळाल्यावर वाजतो. म्हणजे सगळी कला त्या एका आकड्यात. बाहेरच्या विजेसाठी मी वेगळे आकडे घातले आणि मोटरींच्या थरथरीसाठी प्रवाहाच्या दोन टक्के, तीन मिनिटं टिकली तर. दारावर एक पाटी लावली. अलार्म आला की पाटीवर पिवळा दिवा लागायचा आणि खाली नाव दिसायचं. माझ्या फोनवरही यायचं.

पहिल्याच आठवड्यात बाहेरचा चोर सापडला. रिक्षांच्या स्टेशनवाल्यांना मी आलेख दाखवले, त्यांनी फिल्टर बसवला, कार्डं जळायची थांबली. मी खुशीत होते. तेवढ्यात पाटीवर पुष्पलता दिसायला लागलं.

आधी एक दिवसाआड, मग रोज. बायका वहिनीला चिडवायला लागल्या की तुमचं मशीन म्हातारं झालं. मी जाऊन पट्टा बघितला, बेअरिंग बघितलं, सुई बदलली. काही नाही. घरी येऊन नोंदी उघडल्या. नऊ नंबरचा प्रवाह मंद फुगत होता, ओसरत होता. सेकंदाला जवळजवळ पाच वेळा. मोटर त्या मानाने फार वेगानं फिरते, सुई तिच्याबरोबर नाचते. त्या मशीनमध्ये सेकंदाला पाच वेळा हलेल अशी वस्तूच नाही. ते पॅडलवरून येत होतं. या मोटरी पावलाच्या दाबाप्रमाणे वेग घेतात, पाऊल हललं तर वेग हलतो. म्हणजे पाऊल थरथरत होतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण सारखं, तालात.

मी डॉक्टर तांबोळींना फोन केला. त्या मेंदूविकाराच्या डॉक्टर, त्यांच्या दवाखान्याचे मीटर माझ्याकडे आहेत. नाव न सांगता आकडे सांगितले. त्यांनी आकडे परत एकदा विचारून घेतले. मग म्हणाल्या की सेकंदाला चार ते सहाच्या मधली, एकाच अंगाची थरथर असेल तर कंपवाताची शंका घ्यायला हवी, आणि ही अगदी सुरुवात दिसते. पूर्वी या वेळी कळून उपयोग नव्हता. आता दोन वर्षांपूर्वी आलेलं इंजेक्शन आहे. ते मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत आणत नाही, पण उरलेल्या मरू देत नाही.

"म्हणून आत्ताच आणा," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे लोक हातातला कप पडायला लागल्यावर येतात. तोवर राखायला फारसं उरलेलं नसतं."

सगळ्या अलार्मची वेळ अकरा पाच ते अकरा वीस अशी होती, आणि मी त्याचं उत्तरही शोधून ठेवलं होतं. अकराला सगळ्या चहाला उठतात, मशीन थांबतात, त्या शांततेत बारीक थरथर मीटरला ऐकू येते. आणि वहिनी चहालासुद्धा उठत नाही. बत्तीस वर्षं ओळखत होते मी तिला.

आता सांगायचं कसं? मला डिप्लोमाला घालायचं तेव्हा अण्णा म्हणाला होता, हिचं लग्न करून टाकू. नवी नवरी असलेल्या वहिनीने चार दिवस त्याच्याशी अबोला धरला आणि माझा फॉर्म भरून घेतला. तिचं हे देणं मी विसरलेली नाही. पण गेल्याच वर्षी मी सहज म्हणाले होते की कॉलरचं काम आता दुसऱ्या कुणाला शिकव, तर मी तिला खुर्चीवरून उठवायला निघाले असं समजून ती दोन महिने बोलली नव्हती. त्या बाईला जाऊन सांगू, तुझं पाऊल थरथरतंय? मी रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. मला तिची काळजी होती हे खरं, पण तिची भीती काळजीपेक्षा जास्त होती.

दिवाळीच्या तोंडावर तिचाच फोन आला. पोरी हसतात, दिवा बंद कर, नाहीतर मीटर उचलून ने. मी लॅपटॉप उघडला आणि नऊ नंबरची मर्यादा दोनावरून चारावर नेली. तात्पुरती. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणून जे करतात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. दिवा विझला. वहिनीने खूश होऊन चकल्यांचा डबा पाठवला. चकल्या चांगल्या झाल्या होत्या आणि मी त्या सगळ्या खाल्ल्या, हे लिहिताना आज लाज वाटते.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरली त्या आठवड्यात, माझा फोन वाजला. पुष्पलता, चार पूर्णांक एक टक्का, अकरा वाजून सात मिनिटं. मी फोनकडे बघत राहिले. मी मर्यादा वर नेली होती आणि थरथर मुकाट्याने तिच्यापर्यंत चढून आली होती. मधले तीन महिने मी त्या आकड्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच सोसायटीत गेले. वहिनी मागच्या पत्र्याखाली चहा करत होती. आज बरी एकटी सापडली, एवढंच माझ्या मनात आलं. मी सगळं सांगून टाकलं. थरथर, डॉक्टर, इंजेक्शन, आणि मी मर्यादा वाढवली तेसुद्धा. तिने पातेल्याखालचा गॅस बारीक केला. तिचा राग चढताना मला दिसत होता.

"आता तुझा मीटर माझे पाय बघणार होय गं? शिवून दाखवू का तुला, एका टिपेत कॉलर?"

मी फोन पुढे केला. वहिनी सोसायटीची नोंदवही ठेवते, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. रागातसुद्धा तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे अकरा सात, अकरा नऊ काय आहे?"

"वेळा. अकराला सगळ्या चहाला उठतात आणि तू एकटी मशीनवर असतेस, म्हणून मीटरला..."

"राजी, अकराला मी हितं असते. चहावाली बाई गणपतीत सोडून गेली, तेव्हापासून चोवीस जणींचा चहा मीच करते की."

मग नऊ नंबरवर कोण असतं, असं मी विचारलं. तिने गॅस बंद केला. तिचा राग कुठे गेला कळलं नाही, चेहरा नुसता रिकामा झाला. बायका एकेक करून व्हरांड्यात येऊन बसत होत्या. आतली मशीन थांबली होती. एक सोडून.

वहिनी आधी निघाली, मी मागून. आम्ही दारात उभ्या राहिलो. नऊ नंबरच्या स्टुलावर आमच्याकडे पाठ करून अण्णा बसला होता. डबा बाजूला ठेवलेला. डबा द्यायला तो रोज याच वेळी आत जायचा, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसायचं. डावा पाय मागे, उजवं पाऊल पॅडलवर. पावलाकडे बघून काहीही कळत नव्हतं. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावरचा पिवळा दिवा लागला आणि त्याखाली वहिनीचं नाव आलं.

त्याने वळून पाहिलं, घाईघाईने मशीनखालची चिंधी काढून खिशात घातली. वहिनीने जाऊन त्याच्या खिशात हात घातला. तो नाही म्हणाला नाही. बोटभर रुंदीच्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्यांचा जुडगा निघाला, रबराने बांधलेला. प्रत्येक पट्टीवर एक सरळ टीप आणि पेनाने तारीख. पहिली गणपतीतली. तिची टीप दोरी लावल्यासारखी होती. दिवाळीच्या पट्ट्यांवर टीप मधूनच डुलत होती. त्या दिवशीची तर मुंगी चालत गेल्यासारखी होती.

"सकाळी शर्टाची बटणं लागंनात," अण्णा म्हणाला. "आयुष्यभर कापडाशीच काम केलं. म्हटलं, टीप काय खोटं बोलणार नाही. रोज बघत होतो, कमी होतंय का."

"मला सांगितलं का नाही?" वहिनीने विचारलं.

"कमी झाल्यावर सांगणार होतो की."

वहिनी त्याच्या शेजारी बसली. आवाज न करता ती रडायला लागली. नंतर मला म्हणाली की दिवाळीपासून हे चहा सांडायला लागले, तर मी कप अर्धा भरायला लागले. पुसायला नको म्हणून. विचारलं नाही.

त्याच दिवशी दुपारी आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर तांबोळींनी अण्णाला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, मेंदूचा फोटो काढला. मग माझ्या नोंदी आणि अण्णाच्या पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. दोन्हींत घसरण सारखीच होती. मी विचारलं, ऑक्टोबरात आणलं असतं तर? डॉक्टर खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, तेव्हाचं बरंच वाचलं असतं. या तीन महिन्यांत जे गेलं ते गेलं, उरलेलं धरून ठेवू. अण्णाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात माझ्या पाठीवर बारीक थरथरत होता आणि मला आता तो कळत होता.

इंजेक्शनं सुरू झाली, महिन्याला एक. डॉक्टरांना रोजची नोंद हवी होती, आणि त्यांच्याकडच्या कुठल्याही यंत्रापेक्षा नऊ नंबर चांगलं होतं. म्हणून अण्णा रोज अकराला आता उघडपणे मशीनवर बसतो. बायका त्याला कापड लावून देतात आणि चहा जागेवर आणतात. मार्चअखेर आकडा चारच्या आसपास थबकला आहे. खाली येणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. वर जाऊ नये, एवढंच मागणं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सोसायटीत गेले. नऊ नंबरची मर्यादा परत दोनवर आणायची होती आणि नावं पुसून सगळीकडे नंबर घालायचे होते. संध्याकाळी बायका गेल्यावर वहिनी माझ्यामागे येऊन उभी राहिली. दोनवर ठेवलं तर रोज वाजेल, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, वाजू दे.

मी पुष्पलता हे नाव निवडलं आणि पुसणार तेवढ्यात तिने विचारलं.

"एक सांग. पाटीवर अंबादास आलं असतं, तर तू किती दिवस थांबली असतीस?"

हे ती कधीतरी विचारणार हे मला जानेवारीपासून माहीत होतं. मी बरीच उत्तरं तयार ठेवली होती. तिची भीती वाटत होती, दिवाळीची गडबड होती, तिनेच दिवा बंद करायला सांगितला होता. सगळी खरी होती.

"एकही नाही," मी म्हणाले. "त्याच दिवशी उचलून नेलं असतं."

ती मान हलवत राहिली. व्हरांड्यातले कप गोळा करून आणले, धुतले, पालथे घातले. मी तशीच बसून होते, बोट बटणावर. आमच्या बत्तीस वर्षांचं आता काय होणार ते मला कळत नव्हतं, आणि मला रडू येत होतं. हात पुसत ती परत आली.

"नाव राहू दे माझंच."

"अगं, पण बसतो अण्णा. नोंद चुकीची राहील."

"राहू दे. माझं नाव आल्यावर तू किती दिवस थांबतेस, ते बघायचंय मला."

मी नाव तसंच ठेवलं. मर्यादा दोन केली, तीन मिनिटांचं एक मिनिट केलं आणि लॅपटॉप मिटला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात शिडीवर उभी होते, दोन्ही हात पॅनेलमध्ये. अकरा वाजून सहा मिनिटांनी खिशातला फोन वाजला. पुष्पलता, तीन पूर्णांक नऊ. काल जेवढं होतं तेवढंच. काळजीचं काही नव्हतं. मी शिडीवरून खाली उतरले आणि वहिनीला फोन लावला.